गिटारचा टोन कुठे असतो? घरातला डिजिटल अ‍ॅम्प आणि आपला कान

(तामलवाडी, ता. तुळजापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लकब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



विषय इलेक्ट्रिक गिटारचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक. यांचा मेळ कसा बसायचा, असं तुमच्या मनात आलं असणार. मेळ बसतो, आणि तो आम्ही ओढूनताणून बसवलेला नाही.

गेली काही वर्षं या भागातली पोरं आमच्याकडे येतात. कुणी सोलापूरला कॉलेजात आहे, कुणी इथल्याच एमआयडीसीत कामाला लागलंय. प्रत्येकाकडे एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा डिजिटल अ‍ॅम्प. घरातल्या माणसांना पटवून, पैसे साठवून घेतलेला. आणि तक्रार सगळ्यांची एकच. "सर, मोबाईलवर बघितला तेव्हा काय आवाज होता! घरी वाजवला तर डब्यात गांधीलमाशी कोंडल्यासारखा." मग पुढची पायरी ठरलेली. दुसरा अ‍ॅम्प घ्या, नाहीतर आणखी एक पेडल घ्या. ज्या घरात सोयाबीनचा भाव काय लागला यावर वर्षाचं गणित ठरतं, त्या घरात ही दुसरी खरेदी होत नाही. होते ती विक्री. बाप म्हणतो, "वाजत नाही ना? मग विकून टाक." आणि हात नुकता बसू लागलेला असतो तेव्हाच वाद्य घरातून जातं.

आमचं म्हणणं असं, की बहुतेक वेळा त्या खोक्याचा दोष नसतो. दोष कुठे शोधायचा हेच ठाऊक नसतं. म्हणून आज आधी आवाजाबद्दल बोलू, मग बटणांबद्दल.

आपल्या नैयायिकांनी शब्दाचा, म्हणजे ध्वनीचा, फार बारकाईने विचार केला आहे. शब्द उत्पन्न कसा होतो? वैशेषिक सांगतात, तीन प्रकारे. संयोगाने, जशी टिपरू नगाऱ्यावर पडते. विभागाने, जसा बांबू चिरताना आवाज होतो. आणि शब्दातून शब्द. हा तिसरा प्रकार महत्त्वाचा. पहिला शब्द उमटला की तो दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावर लाटेतून लाट निघावी तसं. याला ते वीचीतरंगन्याय म्हणतात. आणि आपण ऐकतो तो कोणता? पहिला नव्हे. कानाच्या पोकळीत उमटलेला शेवटचा.

आजच्या भौतिकशास्त्राला ही मांडणी जशीच्या तशी मान्य नाही, हे उघड आहे. पण गिटार वाजवणाऱ्याला तिचा उपयोग मोठा. तारेवर पिक पडला तो पहिला शब्द. मग पिकअप, केबल, अ‍ॅम्पमधलं गणित, स्पीकरचा कागद, खोलीच्या भिंती, आणि शेवटी तुमचा कान. टोन तिथे ठरतो. डिजिटल अ‍ॅम्प या साखळीतली एकच कडी आहे. आपण मात्र सगळे पैसे आणि सगळा राग त्या एका कडीवर काढतो. आम्ही उलटं सुचवतो. कानापासून निघा आणि तारेकडे मागे मागे या.

तर आधी कान. १९३३ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं, की माणसाचा कान सगळ्या पट्ट्यांना सारखा न्याय देत नाही. आवाज हळू असला की खर्जाकडचं ऐकणं एकदम मंदावतं, टिपेच्या टोकालाही काहीसं घटतं, आणि मधलं तेवढं शाबूत राहतं. आकड्यात सांगायचं तर १००० हर्ट्झचा स्वर ४० डेसिबलला जितका मोठा वाटतो, तितका मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या स्वराला ६० डेसिबलच्या वर जावं लागतं. आवाज वाढवत नेला की हा फरक कमी होत जातो.

आता घरात काय होतं बघा. शेजारी दहावीची पोरगी अभ्यासाला बसलेली. रात्री दहानंतर तर रहिवासी भागाला कायद्याने ४५ डेसिबलचीच मर्यादा, दिवसाही ५५. म्हणून आपला गडी अगदी हळू वाजवतो. त्याला खर्ज ऐकू येत नाही, म्हणून बेस वाढवतो. धार वाटत नाही, म्हणून ट्रेबल वाढवतो. मधलं जास्त वाटतं, म्हणून मिड खाली ओढतो. रात्री खोलीत ते झकास वाटतं. मग गणपतीत मंडळाच्या स्टेजवर तीच सेटिंग लावतो आणि त्याची गिटार गायब होते! खर्ज ढोलकी आणि बेस गिटारने आधीच खाल्लेला, टिपेला झांजा आणि कीबोर्ड. गिटारची जागा मधली, साधारण ५०० ते २००० हर्ट्झ, आणि ती तर यानेच रिकामी करून ठेवलेली. पोराला वाटतं अ‍ॅम्पचा वकूब संपला.

उपाय फुकटातला आहे. एकाच टोनच्या दोन सेटिंग करायच्या. एक रात्रीची, एक मोठ्या आवाजाची. डिजिटल अ‍ॅम्पमध्ये सेटिंग साठवून ठेवता येते, ही त्याची मोठी सोय आहे, आणि पोरं तिच्यात वीस प्रकारचे इको भरून ठेवतात. मोठ्या आवाजाची सेटिंग दिवसा, घरात कुणी नसताना, अ‍ॅम्प नीट उघडून करा. हळू वाजवून ती ओळखता येत नाही. कंपनीने भरून दिलेले टोनसुद्धा तुमच्या रात्रीच्या आवाजाला बेतलेले नसतात. ते घरी पातळ वाटले तर नवल नाही.

कानाच्या मागची कडी खोलीची, आणि इथे आपल्या भागाला काही सांगण्यासारखं आहे. जुनी माळवदाची घरं आठवा. मातीच्या जाड भिंती, वर लाकूड आणि माती, कोपऱ्यात कणगी, दांडीवर वाकळा. त्या खोलीत टाळी वाजवली तर आवाज जागीच मुरायचा. आता स्लॅब, प्लॅस्टर, खाली शहाबादी फरशी नाहीतर टाईल्स. टाळी वाजवा, किणकिण ऐकू येते. गिटारची करकर निम्मी तिथूनच येते.

शिवाय खोलीचं माप. आपल्याकडे दहा बाय दहाची खोली फार. दहा फूट म्हणजे सुमारे तीन मीटर. आपल्या उन्हाळ्यात आवाजाचा वेग धरा सेकंदाला ३५० मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली लहर घुमते ती ५७ हर्ट्झच्या आसपास, दुसरी त्याच्या दुप्पट, ११५ च्या आसपास. आणि गिटारची पाचवी मोकळी तार? ११० हर्ट्झ. तिच्या पहिल्या फ्रेटवरचा स्वर ११६ च्या जवळ. म्हणजे तोच स्वर सारखा घुम्म करून उठणार, आणि खोली चौरस असल्याने लांबीतही घुमणार, रुंदीतही. पोरगा तारा बदलतो, पिकअप वरखाली करतो. अरे बाबा, अ‍ॅम्प कोपऱ्यातून उचल! कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो. भिंतीपासून दोन-अडीच हात पुढे आण, जमिनीवर न ठेवता खुर्चीवर ठेव, किंचित मागे कलता, म्हणजे त्याचं तोंड तुझ्या पोटऱ्यांकडे न राहता कानाकडे येईल. समोरच्या भिंतीवर दोन गोधड्या टांग. गोधडीने खर्ज जात नाही, ती करकर मात्र गिळते. एवढं केल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे येणाऱ्यांना दंडक आहे.

आता स्पीकर. ही कडी समजली की निम्मा गोंधळ संपतो, म्हणून इथे थोडे थांबू.

इलेक्ट्रिक गिटारचा स्पीकर हा गाणी ऐकायचा स्पीकर नव्हे. जुन्या अ‍ॅम्पमधला बारा इंची कागदी स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या पुढे झपाट्याने गळतो. गाणी ऐकायला तो वाईट. गिटारला मात्र तोच हवा. का? कारण गिटारचा फाटलेला आवाज, म्हणजे डिस्टॉर्शन, हा मुळात लाटेचे शेंडे छाटून तयार होतो. शेंडे छाटले की मूळ स्वरात नसलेले किंवा नावापुरते असलेले स्वरांश उसळून वर येतात, पार दहा हजार हर्ट्झच्या पुढेही. त्यातले खालचे गोड असतात. वरचे म्हणजे पत्र्यावर खिळा. कागदी स्पीकर हे वरचे आपोआप गाळतो. चाळणीच म्हणा ना.

आता तुम्ही डिजिटल अ‍ॅम्पचा आवाज होम थिएटरला जोडलात, किंवा हेडफोन लावला, आणि अ‍ॅम्पमधली स्पीकरची नक्कल, जिला पोरं कॅब म्हणतात, ती बंद असली, तर चाळणीच नाही. मग गांधीलमाशी ऐकू येते. उलट, खऱ्या गिटार स्पीकरला जोडताना कॅब चालू राहिली तर दोनदा चाळलं जातं आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. नियम साधा. पुढे गाण्यांचा स्पीकर किंवा हेडफोन असेल तर कॅब चालू, गिटारचा स्पीकर असेल तर बंद. तरीही करकर राहिली तर वरची कात्री, म्हणजे हाय कट, ६००० च्या आसपास आणा, आणि खालची कात्री ८०-१०० हर्ट्झला लावा. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. तिच्या खाली जे काही आहे ती नुसती घरघर.

शेंडे छाटायची ही कल्पना रानटी वाटते ना? तरण्या पोरांनी गोंगाटासाठी काढली असं वडीलधारी म्हणतात. त्यात तथ्य आहे. १९५८ साली लिंक रे या वादकाने स्पीकरच्या कागदाला भोकं पाडून तसा आवाज काढला होता. पण आपला तंबोरा घ्या. मिरजेची शिकलगार मंडळी शस्त्रांना धार लावायचं काम सोडून सतार-तंबोऱ्याकडे वळली. त्यांना लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्या तंबोऱ्यात घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी बसला की तार एकदम बोलू लागते, आवाजाला झाळ येते. १९२१ मध्ये चंद्रशेखर रामन यांनी यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडाल तिथल्या जागेमुळे काही स्वरांश उमटू नयेत असा पाश्चात्त्य शास्त्रातला नियम होता. आपल्या घोडीच्या घडणीमुळे तेही स्वरांश तंबोऱ्यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं. पद्धत वेगळी, पण स्वराला जास्तीचे अंश देऊन तो भरदार करायचा ही ओढ एकच. आणि जवारी लावणारा कारागीर दोरा केसभरच सरकवतो. आमच्या पोरांनी गेनचं बटण तसं फिरवावं. ती ते टोकाला नेऊन ठेवतात.

गेन जास्त झाला की काय बिघडतं? दोन गोष्टी. एक, पिक हळू मारला काय नि जोरात काय, आवाज तेवढाच. हाताचा सगळा फरक पुसला जातो. दुसरी गोष्ट दोन स्वर एकत्र वाजवताना कळते. छाटलेल्या लाटेत दोन स्वर गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. षड्ज-पंचमाची जोडी घ्या, ११० आणि १६५. वजाबाकी ५५, म्हणजे खालचा षड्ज. सुरेल! म्हणून रॉकवाले फक्त ही जोडी वाजवतात, त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. पण गंधार धरून पाच-सहा तारांचा पूर्ण कॉर्ड भरपूर गेनवर वाजवलात तर बेरजा-वजाबाक्यांची खिचडी होते. अ‍ॅम्प खराब नाही, हिशोब चुकला. जितका गेन तुम्हाला हवासा वाटतो, त्याच्या निम्म्यावर आणा. मग मिड वाढवा. आवाज जाड वाटेल, आणि तो गेनमुळे नसेल.

(एका ताईंनी विचारले : मग पूर्वीचे वादक एवढ्या मोठ्यानेच का वाजवायचे?)

चांगला प्रश्न. त्यांना पर्याय नव्हता. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प भरपूर उघडला तरच तो गोड फाटायचा. मार्शलचा पहिला अ‍ॅम्प १९६२ चा, आणि त्याची खरी मजा मोठ्या आवाजातच. फाटणं आणि मोठं होणं या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या होत्या. डिजिटल अ‍ॅम्पने ती गाठ सोडली. व्हॉल्व्ह कसा वागेल याचं गणित आत चालतं आणि आवाज किती बाहेर सोडायचा हे वेगळं ठरतं. १९९८ च्या सुमाराला लाईन सिक्स कंपनीचं पॉड नावाचं लाल डबडं आलं, २०११ मध्ये यामाहाने घरातल्या टेबलावर ठेवायचा टीएचआर काढला, आता तर फोनवरही होतं. आम्ही कोणाची जाहिरात करत नाही. सांगायचं इतकंच, की शेजाऱ्याची झोप न मोडता तो टोन मिळणं ही तुलनेने नवी गोष्ट आहे. आणि वॅटच्या नादी लागू नका. दहापट वॅट झाले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. खोलीला दहा वॅट रग्गड.

(प्रश्न : पण सर, हा आवाज नकली नाही का? खरा अ‍ॅम्प नाहीच तो.)

हा आमच्या विषयातला प्रश्न झाला. नक्कल कशाची आहे ते बघा. नक्कल खोक्याची आहे. तुमच्या बोटांची नाही, स्वर लावण्याची नाही. तुळजापुरात गोंधळी माईकसमोर तुणतुणं वाजवतात, ते तुमच्यापर्यंत येतं कर्ण्यातून. ते नकली तुणतुणं ऐकलं असं कुणी भाविक म्हणत नाही. नैयायिकांच्या हिशोबाने तर ऐकलेला प्रत्येकच शब्द मूळचा नसतो, तो मूळाचा वंशज असतो. वंश शुद्ध आहे का, एवढंच विचारायचं. आमच्या मते हातापासून निघालेला फरक कानापर्यंत पोचत असेल तर आवाज खरा. हळू मारलेला पिक हळू ऐकू आला पाहिजे. ज्या सेटिंगमध्ये तो येत नाही ती नकली, मग अ‍ॅम्प लाखाचा का असेना.

हात म्हटलं म्हणून थोडक्यात सांगतो. पिक जाड घ्या, पातळ पिकचा खटखटाट ऐकू येतो. गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण वापरा, ते सातवर आणलं की फाटलेला आवाज निवळतो. तारा घामाने गंजतात, वाजवून झालं की पुसा. घोडीपाशी छेडलं तर धार, गळ्याकडे छेडलं तर गोलाई. हे तुणतुणंवाल्याला सांगावं लागत नाही.

हेडफोनबद्दल. रात्रीचा तो उत्तम मार्ग, पण तारेचा हेडफोन घ्या. ब्लूटूथवर पिक मारल्यानंतर आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येऊ शकतो. हवेतून आवाजाला तेवढ्या वेळात पस्तीस ते सत्तर मीटर जाता येतं, म्हणजे जणू अ‍ॅम्प गल्लीच्या टोकाला ठेवून तुम्ही इथे वाजवताय. लय कशी बसणार? हेडफोनमध्ये खोली नसते, म्हणून आवाज डोक्यात खिळल्यासारखा वाटतो. रिव्हर्ब थोडा द्या, चमचाभर. आणि जपून. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची सुरक्षित हद्द मानतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. इथल्या मिरवणुकांच्या डीजेने कानांचं जे केलंय ते पुरेसं आहे.

(प्रश्न : माझ्या अ‍ॅम्पला सारखी घूं येते.)

ही आपल्या वायरमनशी निगडित गोष्ट. लाईट ५० हर्ट्झची, तिची घूं एका कॉइलचा पिकअप पकडतो. पंख्याचा रेग्युलेटर, जुनी ट्यूब, मोबाईलचा चार्जर बंद करून बघा. जागेवरच काटकोनात वळून बघा, घूं कमी होईल. म्हणजे गिटार पंख्याकडे किंवा चार्जरकडे कान लावून बसली होती. लाईट गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर चिरचिर येते, तेव्हा नुसत्या तारांवर सराव करा. तारांना हात लावला की घूं कमी होते, इतपत ठीक आहे. पण हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर प्लग तत्काळ काढा आणि अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डा काम करेनासा होतो. मीठ-कोळसा भरलेला तो खड्डा ओला ठेवावा लागतो. गिटार तर गिटार, घरातला फ्रिजही त्यावर अवलंबून आहे, त्यामुळे हा एक खर्च वडील नाकारणार नाहीत.

(शेवटी एका मंडप-साउंडवाल्या बंधूंनी विचारले : ही पोरं स्टेजवर येतात तेव्हा त्यांच्या अ‍ॅम्पपुढे माईक लावू की डायरेक्ट घेऊ?)

डायरेक्ट घ्या. छोट्या घरगुती अ‍ॅम्पपुढे माईक लावला तर ढोलकीच जास्त येईल. लाईन आउट किंवा हेडफोनच्या भोकातून मिक्सरला घ्या, कॅब चालू आहे ना ते पोराला आधी विचारा. घूं आली तर मध्ये डीआय बॉक्स टाका, तुमच्याकडे असेलच. मिक्सरवर त्याचा बेस थोडा उतरवा, मिडला हात लावू नका. आणि एक विनंती. तो चेकिंगला वाजवत असेल तेव्हा त्याला दोन मिनिटं द्या, समोर प्रेक्षकांत जाऊन स्वतःचा आवाज ऐकून येऊ द्या. केबल तेवढी लांब लागेल, ती मात्र तुमच्याकडचीच द्यावी लागणार.